कंपास काय म्हणतो?

चेंडू हातातून सुटला की स्टंप उडाले का, हे बघायला तो थांबतच नसे. "खलास!" म्हणायचा आणि पाठ फिरवून चालू लागायचा. बहुतेक वेळा ते खरंच उडालेले असत. कुवेतमध्ये चहा संपला तरी खलास, काम झालं तरी खलास. पण ते नाव चिकटलं एकट्या त्यालाच. रत्नागिरीच्या खाडीकाठचा हा गडी. अहमदीतल्या एका कंपनीने त्याला कागदोपत्री स्टोअरकीपर म्हणून आणला होता, खरा आणला शुक्रवारच्या सामन्यांत गोलंदाजी करायला. "गोदामात खिळे कुठे ठेवलेत ते पण मला ठाऊक नाय, ताई," तो हसत सांगायचा.

मंगफच्या दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट. सोलापूरची, त्यामुळे तोंड फटकळ. खांदा दुखायला लागला तेव्हापासून तो माझ्याकडे यायचा. हात किती वर जातो ते मोजायच्या माझ्या साधनाला तो कंपास म्हणे. पडद्यातून आधी डोकं आत यायचं, मग प्रश्न. "ताई, आज कंपास काय म्हणतो?"

"म्हणतो, मेल्या, घरी बस."

"घरी म्हणजे रत्नागिरीला, ताई."

ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. गोलंदाजी थांबली की कंपनीला तो नको होता, आणि कंपनी गेली की इथे राहायचा परवाना, इकामा, गेला. मी एकदा म्हटलं, दुसरं काही काम शीक ना बाबा. तर म्हणाला, "शाळेत सर पण मला बॉल टाकायलाच वर्गातून उठवायचे. शिकायचं राहूनच गेलं."

हिवाळ्याचा मोसम तोंडावर आला आणि कंपनीने हात बरा झाल्याचं पत्र मागितलं. तो माझ्यासमोर उभा राहिला, उजवा हात उचलू लागला. हात कानापर्यंत गेला! पण खांदा अर्ध्यातच अडला होता. हा पठ्ठ्या कमरेतून डावीकडे झुकला होता. ही लबाडी आमच्यात पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा ओळखतात. कमरेला हात लावून "सरळ उभा राहा" म्हणायचं, एवढंच माझं काम होतं. तो कंपासकडे बघतच नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता. मी आकडा लिहिला आणि सही केली. दया आली मला. आग लागो त्या दयेला.

पहिल्याच सामन्यात, तिसऱ्या षटकात, चेंडू त्याच्या पायाशीच पडला. तो हात धरून खाली बसला. खांद्याचा स्नायू पार तुटला होता. ऑपरेशन झालं, महिनोन्‌महिने व्यायाम करून घेतला, पण हात छातीच्या वर जाईना. कंपनीने इकामा वाढवला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी तो भेटायला आला. मला सगळं दिसलं होतं, हे सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं. तर तोच खाली मान घालून म्हणाला, "ताई, त्या कागदावरून तुम्हाला कोण बोललं नाय ना? मी फसवलं तुम्हाला. वाकलो होतो तेव्हा. माफ करा."

मी नुसती मान हलवली. इतकी भित्री मी कधीच नव्हते हो!

दाराशी जाऊन तो वळला. निरोपाचा हात वर व्हावा म्हणून पुन्हा डावीकडे झुकला. सरळ उभा राहा, एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.