ओलं कातडं

वारंगा फाट्यावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. तिथं चपला शिवणाऱ्या म्हाताऱ्यानं नवं कातडं भिजवलं, दोन्ही हातांनी ताणलं आणि खिळे मारून फळीवर उन्हात ठेवलं.

“काहून थांबता, मामा? असंच शिवा. माझी एसटी येईल.”

“न्हाई. ओलं कातडं मोकळं सोडलं, की आकसून जाते.”

मी वैतागून बसलो. शेजारी त्यांची तरणी लेक दोऱ्याला मेण लावत होती. तिची हनुवटी छातीकडे ओढली गेली होती. समोरच्या माणसाची तिला फक्त पावलं दिसत असावीत. माझी नजर तिच्यावर खिळलेली त्यांनी पाहिली.

“लहानपणी स्टोव्हनं गळा भाजला. मांडीचं कातडं काढून तिथं लावलं. डॉक्टर म्हणले, मान ताणलेली ऱ्हाऊ द्या, गळ्याची कॉलर काढू नका. लेकरू रातदिस रडून राहिलं व्हतं. म्या काढली.”

आरीला धार लावत ते हळूच म्हणाले, “दुसऱ्या बापाला म्हणता येते, ‘मला ठावं नव्हतं.’ म्या तर जलमभर कातडंच ताणत आलो.”

एसटी आली आणि गेली. कातडं पुरतं वाळेपर्यंत त्यांनी एकही खिळा काढला नाही. मीही घाई केली नाही.