दहा सुतांचा फरक

मर्ल मॉसमनने आमच्या खाडीवर सत्तेचाळीस वर्षं सुतारकाम केलं. त्यातली बत्तीस वर्षं मी त्याच्याबरोबर होतो. तो गेला तेव्हा चर्चमध्ये लोक म्हणाले, त्याच्या हातून कधी चूक झाली नाही. हे खरं नाही. एक मोठी झाली. ती सांगतो, कारण तिच्यातूनच मर्ल नीट कळतो.

काम बर्निस रफ्यूज यांच्या घरचं होतं. गावच्या शाळेत त्यांनी चाळीस वर्षं शिकवलं. मर्ल आणि मी दोघंही त्यांच्या हाताखालून गेलेलो, म्हणून मर्लच्या चौसष्टाव्या वर्षीही त्या आमच्या बाईच. त्यांचे यजमान क्लाइड खाडीत लॉबस्टर धरायचे. त्या वर्षी लकव्याने क्लाइडची डावी बाजू गेली. झोपायची खोली वरच्या मजल्यावर आणि जिना शिडीसारखा. म्हणून मुलीने हॅलिफॅक्सहून वास्तुकार आणली, जिनेट कोमो. तिने स्वयंपाकघराला लागून पाण्याच्या बाजूला एक नवी खोली काढली. सपाट छप्पर, एक अख्खी भिंत काचेची, खाली गुळगुळीत काँक्रीटची जमीन आणि तिच्या पोटात गरम पाण्याच्या नळ्या.

गाव हसलं. ‘बाईंनी घराला मासळीचं गोदाम जोडलं,’ म्हणाले. मर्ल हसला नाही. त्याने नकाशे घरी नेले, दोन दिवस पाहिले आणि म्हणाला, ‘पोरीला कळतं.’

त्या नकाशात सगळ्यात महत्त्वाची एकच रेघ होती. स्वयंपाकघर आणि नवी खोली यांच्यामध्ये उंबरठा नाही. क्लाइडचा डावा पाय उचलला जात नव्हता, फरफटायचा. दवाखान्यातल्या बाईने बजावलं होतं, पेन्सिलीएवढी उंची आडवी आली तरी माणूस पडेल, आणि आता पडला तर परत उठायचा नाही.

उंचीची खूण म्हणून जिनेटने स्वयंपाकघराची जमीन मोजून अंगणातल्या खडकावर लाल रंगाची रेघ मारून ठेवली होती. सगळी मापं तिच्यापासून घ्यायची.

मर्लने ती घेतली नाहीत.

त्याचा बाप, आजा, सगळे होड्या बांधणारे. त्यांच्या घरात एक रीत होती: जुन्याला जोड द्यायचा तर माप जुन्याकडूनच घ्यायचं. मर्लने घराच्या पुढच्या कोपऱ्यात, दगडी पायावरच्या लाकडावर टेकवून माप घेतलं. मी म्हटलं, ‘अरे, ती लाल रेघ?’ तो म्हणाला, ‘क्लाइड काय खडकावर राहणार आहे?’

पुढचा कोपरा ठीक होता. मागचा, स्वयंपाकघराचा कोपरा मात्र दीडशे वर्षांत खाली बसला होता. नजरेला ते दिसत नव्हतं, कारण त्याच्याबरोबर खिडक्या, फळ्या, चूल सगळंच हळूहळू कललं होतं. काँक्रीट ओतलं, वाळलं, घासून चकचकीत झालं. मग आम्ही मधली भिंत कापून दार उघडलं. नवी जमीन स्वयंपाकघरापेक्षा दहा सूत वर होती. इंचाचे आठ सूत, म्हणजे सव्वा इंच.

मर्लने तीनदा मोजलं. मग जिनेटला फोन केला. ‘चूक माझी आहे,’ म्हणाला. ‘तुझी नाही, काँक्रीटवाल्याची नाही.’

ती दुपारी आली. रागावली नाही. म्हणाली, ‘मर्ल, आपण दारात एक लांब उताराची फळी बसवू. लोक करतात.’

‘उतारावर त्याचा पाय अडकेल.’

‘थोडासा.’

‘थोडासा अडकला तरी तो पडतो ना?’

बाई चुलीपाशी उभ्या होत्या. ‘मर्ल, तुझं वजाबाकीचं गणित चौथीतही कच्चं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘आता काय करणार?’

‘नवी जमीन खाली जात नाही, बाई. आत नळ्या आहेत. तुमचं स्वयंपाकघर वर घेतो.’

‘मी आत असताना?’

‘तुम्हाला कळणारही नाही.’

ते मात्र खोटं ठरलं.

क्लाइड दवाखान्यातून घरी यायला एकवीस दिवस होते. मर्लने फळीच्या तुकड्यावर आकडे मांडले. जुनं घर रोज अर्ध्या सुताहून जास्त उचलायचं नाही, नाहीतर लाकूड फुटतं. त्यात तीन रविवार. रविवारी मर्लने कधी हत्यार हातात धरलं नव्हतं. अठरा दिवसांचे नऊ सूत. एक सूत उरत होता.

‘रविवारी मी एकटा करतो,’ मी म्हटलं.

‘नाही. घरालाही एक दिवस बसू दे. रोज ढकलत राहिलो तर ते चिडेल.’

स्वयंपाकघराखालचं तळघर चार फूट उंच. तिथे आम्ही एक जाड तुळई बसवली, खाली पहारीने फिरवायचे स्क्रूचे दोन जॅक. नव्या भिंतीशी जोड मुद्दाम मोकळा ठेवला. रोज सकाळी सातला दोघं वाकून आत शिरायचो. एक जॅक त्याचा, एक माझा. तो ‘हं’ म्हणाला की दोघांनी एकदम पहार ओढायची. मग माप, मग थांबून ऐकणं. घर कण्हायचं. काम दहा मिनिटांचं, पण बाहेर येईपर्यंत पाठ सरळ होत नसे.

वरून बाईंचा आवाज यायचा. ‘मर्ल! कपाट उघडत नाही!’

‘रंधा मारतो, बाई!’

‘काल दार, आज कपाट. उद्या माझ्यावर मारशील!’

पाचव्या दिवशी माझा हात जास्त गेला. पाव सूत, जास्त नाही. वर चुलीमागच्या गिलाव्याला हातभर लांब तडा गेला. मर्लने माझ्या हातून पहार घेतली. दोन्ही पहारी भिंतीला टेकवल्या आणि तडा भरायला वर गेला. मला बोलला असता तर बरं वाटलं असतं.

उरलेल्या एका सुताचं काम शेवटच्या आठवड्यात. काँक्रीटची कड दीड फूट रुंद पट्ट्यात घासून खाली आणायची. जिनेट म्हणाली, यंत्र पाठवते. मर्ल म्हणाला, यंत्राने चर पडतो आणि तुझी जमीन बिघडते. त्याने घासायचा दगड आणि पाण्याची बादली घेतली. रोज जेवणानंतर गुडघ्यांवर बसून पाच तास. मधेच तळहात फिरवून बघायचा. मी दोन तासांत थकायचो. तो मला ढकलून माझी जागाही घासायचा. शुक्रवारी जिनेट आली, बूट काढून मोज्यांवर त्या कडेवरून चालली, डोळे मिटून पुन्हा चालली. ‘उतार कुठे सुरू होतो तेच कळत नाही,’ म्हणाली.

‘शनिवारचा अर्धा सूत बाकी आहे,’ मर्ल म्हणाला.

सोमवारी मुलीने क्लाइडला आणलं. वॉकर धरून तो स्वयंपाकघरात आला. बाई मागे, हात त्याच्या कमरेजवळ, पण न टेकवता. मर्ल दारात गुडघ्यांवर बसला आणि वाकून गाल जवळजवळ जमिनीला लावला. त्याला फक्त बुटाचा तळ बघायचा होता.

‘काय रे,’ क्लाइड म्हणाला. बोलणं अजून जड होतं. ‘बुटाला पॉलिश करतोस?’

‘चाल.’

उजवा पाय गेला. मग डावा, फरफटत. फळ्यांवर त्याचा खरखर आवाज येत होता. मग आवाज बदलला, गुळगुळीत झाला. एवढंच. क्लाइडला दार कधी मागे पडलं ते कळलंही नाही. तो काचेपर्यंत गेला, पाण्याकडे पाहिलं, म्हणाला, ‘त्या समोरच्या होडीला रंग लावायला हवा.’

बाई चुलीकडे वळल्या आणि किटली ठेवायला त्यांना बराच वेळ लागला.

मर्ल उठायला गेला. गुडघ्यांनी ऐकलं नाही. दाराची चौकट धरून पुन्हा जोर केला. मी पुढे होणार तेवढ्यात क्लाइड वळला, खरखरत परत आला, वॉकर मर्लच्या पुढ्यात ठेवला आणि स्वतः चौकटीला टेकला.

‘धर,’ म्हणाला. ‘कसं उठायचं ते मला दवाखान्यात शिकवलंय. घाई करू नकोस.’