मेंढरांचा आकडा

"बाकावर उभी राहा. आता सगळ्यांना सांग, तुझ्या बापाची मेंढरं किती?"

चौथीचा वर्ग. वजाबाकीचा तास. मी बाकावर उभी. माझ्या स्कर्टची शिवण उसवली होती आणि ती खालून सगळ्यांना दिसत होती.

मी म्हणाले, "सांगायचं नसतं, सर."

"सांगायचं नसतं, का येत न्हाई?"

वर्ग हसला. सर त्याहून मोठ्यानं हसले. "घरची मेंढरं मोजता येईनात, आणि ही वजाबाकी करणार! करा रं, हिच्या भाषेत बोलवा हिला." मागच्या बाकावरून आवाज आला, "बें." मग सगळीकडून. चाळीस पोरं मेंढरासारखी ओरडत होती आणि सर फळ्याला टेकून बघत होते. थांबा म्हणायला कुणी नव्हतं. थांबा म्हणणारा माणूसच ते सुरू करून उभा होता.

आमचं गाव कवठे महांकाळकडचं. पाऊस नाही, चारा नाही. दिवाळी झाली की आई-दादा मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचे. दादा म्हणजे माझे वडील. माझी शाळा बुडू नये म्हणून मला नदीकाठच्या गावात आत्याकडे ठेवलेलं. सर त्याच गावचे, उसाच्या घरातले. त्यांच्याच भावकीच्या रानात आमची मेंढरं खतासाठी बसायची. लेंडी त्यांना चालायची. माझ्या अंगाला येणारा लोकरीचा वास चालायचा नाही. माझी जागा दाराजवळ, चपलांच्या शेजारी.

आणि मला मोजता येत होतं. मेंढरं रानातून परत आली की जाळीच्या वाड्याच्या तोंडाशी दादा उभे राहायचे, पायाशी मी. एकेक मेंढरू आत जायचं. दादा आकडे म्हणायचे नाहीत. तोंडं ओळखायचे. शेवटचं आत गेलं की एवढंच म्हणायचे, "भरली." एकदा त्यांच्या आधी मी म्हणाले होते, "दादा, बांडी मेंढी न्हाई आली." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. वर सांगितलं, "जित्राबाचा आकडा तोंडातनं काढायचा न्हाई, बाय. कुणी इचारलं तरी न्हाई. नजर लागती."

आमच्यात ही रीत आहे. बाकावर उभी राहून मी ती पाळली. माझा गुन्हा एवढाच.

त्या दिवसानंतर आकडा दिसला की माझ्या कानात माशी घोंघावल्यासारखा आवाज सुरू व्हायचा. तळहात ओले. घरी आत्यापुढं फाडफाड म्हटलेला आठाचा पाढा वर्गात आठ त्रिकाला अडकायचा. सरांच्या चपलेचा आवाज व्हरांड्यात आला की मी वही मिटायचे. एकदा परीक्षेत पेपर कोरा दिला. एकही गणित अवघड नव्हतं. सगळी वाचली. हातच हलला नाही. सरांनी तो कोरा पेपर वर्गभर फिरवला. म्हणाले, "बघा, मेंढरांचा आकडा." मग माझं नावच पडलं, बें. पाचवीत, सहावीत, सातवीत. सर बदलले, नाव राहिलं.

दादा एकदा शाळेत आले. डोक्याचा पटका काढून हातात धरलेला. म्हणाले, "सर, मारा, पण शिकवा. लय उपकार हुतील." सरांनी बसायला सांगितलं नाही. आईनं दिलेली नवी घोंगडी मात्र ठेवून घेतली. घरी जाताना दादांनी विचारलं, "सर चांगलं हायती न्हवं?" मी हो म्हणाले. आकडा विचारला होता हे त्यांना कळू द्यायचं नव्हतं. उपकार मानायचे असतात हे मी तिथं शिकले. ते पाठांतर मात्र पक्कं झालं.

दहावीला गणितात नापास. शेजारी म्हणाले, त्यांच्यात डोकं नसतंय.

डोकं होतं. ते दाखवून दिलं, पुढं मी ज्या वसतिगृहात राहायला गेले तिथल्या बाईंनी. त्यांचे उपकार मी मानते, आणि मनापासून मानते. त्यांनी माझी वही बघितली, तोंडी विचारलं, मी गप्प. मग त्या म्हणाल्या, "बोलू नकोस. मी तिकडं तोंड करून बसते. तू लिहून सरकव." खरंच पाठ करून बसल्या. मी सगळी गणितं सोडवली. फेरपरीक्षेत पास झाले. पुढं बी.ए., डी.एड., पात्रता परीक्षा. आमच्या वस्तीतली पहिली पदवीधर. पण चौथी ते दहावी ही माझी वर्षं कुणी परत दिली नाहीत. ज्यांनी घेतली त्यांना ती घेतल्याचं आठवतही नसेल.

आज मी पाटण तालुक्यातल्या एका दोन-शिक्षकी शाळेत शिक्षणसेविका आहे. कायम व्हायला आठ महिने राहिलेत. यंदा गावच्या रानात मेंढरं बसली आणि त्यांच्याबरोबर मायाक्का आली. तिसरीत. मी तिला पहिल्या रांगेत, मधोमध बसवलं. पहिला आठवडा ती बोललीच नाही. मग हळूहळू बोलली. पंधरा दिवसांत हातच्याची वजाबाकी करायला लागली. उत्तर आलं की पाटी छातीशी धरून बसायची, मी जवळ जाईपर्यंत.

गेल्या आठवड्यात केंद्रप्रमुख साहेब शाळा तपासणीच्या भेटीला आले. वर्गात आल्या आल्या नाक उडवलं. "ही मेंढक्याची का? मधी कशाला बसवली? नाव काय गं? बरं, सांग बघू, मेंढरं किती तुमची?"

सर वेगळे. जिल्हा वेगळा. प्रश्न तोच.

मायाक्कानं मान खाली घातली. पायाचा अंगठा फरशीवर घासायला लागली.

साहेब माझ्याकडं वळले. "बघा बाई, घरचा धंदा मोजता येईना हिला. तुमची वजाबाकी कुठं घेऊन बसलाय?"

पोरं हसली. मागून एक आवाज आला, "बें."

आणि मीही हसले. हे लिहायलाच हवं. साहेब बोलले की हसायचं, ही सवय माझ्या तोंडाला आहे. मायाक्कानं मान वर केली ती नेमकी तेव्हाच. तिनं मला हसताना बघितलं.

कानात तो आवाज सुरू झाला. तळहात ओले झाले. सत्तावीस वर्षांची बाई मी, हातात खडू, आणि मी पुन्हा बाकावर उभी होते.

मी म्हणाले, "साहेब, तिला मोजता येतं. जनावरांचा आकडा सांगायचा नसतो आमच्यात. म्हणून ती गप्प आहे."

"आमच्यात?" त्यांनी मला पायापासून वर बघितलं. "अस्सं! मग येत असंल तर घ्या की फळ्यावर. करून दाखवू दे."

मायाक्का उठायला लागली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"नाही साहेब. ती काही करून दाखवणार नाही. मायाक्का, बस खाली. आणि हा प्रश्न माझ्या वर्गात पुन्हा विचारायचा नाही."

साहेब ऑफिसात गेले आणि भेटीच्या वहीत लिहिलं, शिक्षणसेविकेचे वर्तन उद्धट, लेखी खुलासा घ्यावा.

मुख्याध्यापक गुरुजी चांगले आहेत. हळू आवाजात म्हणाले, "बाई, दोन ओळीत माफी लिहा अन् मोकळ्या व्हा. आठ म्हैनं ऱ्हायलेत. एवढं शिकून नोकरी लागली, उपकार माना."

दादांच्या हातातला पटका आठवला.

दुसऱ्या दिवशी मायाक्का आली. मधल्या जागेवर बसली नाही. चपलांपाशी बसली. मी पाटीवर वजाबाकी घालून दिली, बावन्न वजा सतरा. आठ दिवसांपूर्वी ती हे चुटकीसरशी करत होती. तास संपला तेव्हा पाटी कोरी होती. मी तिच्याकडं पाठ करून बसले. बराच वेळ बसले. पाटी सरकली नाही. पाच मिनिटांचं काम होतं साहेबांचं. चोख झालं.

तिला मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मायाक्का, मी हसले ते चुकलं." वर्गासमोर हसले होते, म्हणून वर्गासमोर. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. बघावं असं मी काही केलेलंही नाही.

खुलासा सोमवारी द्यायचा आहे. लिहून झालाय. प्रश्न काय होता, कोण हसलं, कुणी आवाज काढला, मी कधी हसले, पाटी आधी कशी होती आणि आता कशी आहे, सगळं आहे त्यात. एका प्रतीवर पोच घेणार आहे. माफीची ओळ नाही.

नोकरी जाईल का, माहीत नाही. गेली तर मेंढरांमागं जायला मला लाज नाही. पण आठ महिने असोत की आठ दिवस, या वर्गाच्या दारात मी उभी आहे. तो प्रश्न घेऊन कुणीही आलं, तर त्याला आधी माझ्याशी बोलावं लागेल. आणि आता मी हसणार नाही.