चिठ्ठी नसलेलं पुस्तक

वॉचमनने माझी पिशवी टेबलावर उलटी केली. डबा पडला, छत्री पडली, रुमाल पडला आणि सगळ्यात शेवटी पुस्तक. जाडजूड, जुनं, कोपरे झिजलेलं. डब्याला त्याने हात लावला नाही. पुस्तक उचललं.

"ये किसका है?"

"बाराव्या मजल्यावरच्या ताईंचं. वाचायला दिलंय."

"चिठ्ठी किधर है?"

टॉवरचा नियम आहे. कामवालीने गेटबाहेर काही न्यायचं तर फ्लॅटवाल्यांची चिठ्ठी लागते. जुनी साडी असो, उरलेली भाजी असो. जाताना पिशवी उघडून दाखवायची. आधीचा वॉचमन मला ओळखायचा, वरवर बघून सोडायचा. हा नवीन होता. त्याने इंटरकॉम लावला, तोही स्पीकरवर. माझ्या मागे सहा-सात बाया रांगेत.

"मॅडम, आपकी खाना बनानेवाली के पास बुक मिला है. आपने दिया क्या?"

पलीकडे हसण्याचा आवाज. त्या दुपारी ताईंकडे वाचनकट्ट्यातल्या चार बायका आल्या होत्या. त्यांना चहा देऊनच मी निघाले होते. मग ताईंचा आवाज, नेहमीसारखा मऊ.

"नाही, मी नाही दिलं. चुकून गेलं असेल तिच्याकडून. पुस्तक ठेवून घ्या आणि जाऊ द्या तिला. गरीब आहे."

मॅनेजर रजिस्टर घेऊन आला. 'पुस्तक न विचारता नेले, पुन्हा असे करणार नाही' एवढं लिहायचं होतं. त्याने स्वतःच लिहायला घेतलं आणि मला म्हणाला, "अंगठा चालेल." मी त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि दोन्ही ओळी मीच लिहिल्या. खाली सही केली. अक्षर माझं चांगलं आहे. त्या चांगल्या अक्षरात मी स्वतःला चोर लिहून दिलं, कारण घरी पोरगी शाळेतून यायची होती आणि पुढचं काम बुडवून मला चालणार नव्हतं. हे मी कधी विसरणार नाही.

तोवर मी तिला मनातसुद्धा ताई म्हणायचे. "मॅडम नको गं म्हणू, ताई म्हण," असं तिनेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आता हे सांगताना मी तिला ती म्हणणार आहे.

पुस्तक तिनेच दिलं होतं. एकदा नाही, चार वेळा, चार पुस्तकं. टॉवरच्या क्लब हाउसमध्ये रविवारी सकाळी त्यांचा कट्टा भरतो. शंभर-शंभर वर्षांपूर्वीची पुस्तकं घ्यायची आणि त्यावर बोलायचं. तिला बोलायची हौस, वाचायचा कंटाळा. एकदा तिने मला ओट्यापाशी उभं राहून जुन्या पेपरातला तुकडा वाचताना पकडलं. मला वाटलं ओरडेल. तर म्हणाली, "तुला आवडतं ना? मग हे वाच आणि पोळ्या करता करता मला सांग."

मला तर लॉटरी लागली. बारावी झाल्यावर लग्न होऊन घणसोली गावात आले, तेव्हापासून हातात धड पुस्तक आलं नव्हतं. दोन कामांच्या मधला दीड तास मी गावदेवीच्या पायरीवर बसायचे आणि वाचायचे. जुनी भाषा, लांबलचक वाक्यं. पहिल्या पुस्तकाची पहिली वीस पानं अंगावर आली. मग माझ्या आजीच्या तोंडातले शब्द भेटायला लागले आणि मी खुदकन हसले. अडलेला शब्द मी कोणाला विचारत नाही. थांबते. चार पानांनी तो आपोआप उलगडतो, आणि तेव्हा जे बरं वाटतं ते कशात नाही.

आमच्या भाड्याच्या खोलीची घरमालकीण गावातलीच, आगरी. येता-जाता म्हणायची, "येवरं काय हाय गो त्या बुकान? जेवलीस तरी का?"

कधी कधी मी जेवलेली नसायचे.

मी पुस्तक दोनदा वाचते. पहिल्यांदा गोष्टीसाठी. दुसऱ्यांदा एकाच माणसाच्या मागे जाते. नायक-नायिकेच्या नाही. ज्याच्याकडे कोणी बघत नाही असं एखादं माणूस धरायचं आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत त्याचाच माग काढायचा. पुस्तक सगळं बदलून जातं. ही माझी रीत, कोणी शिकवलेली नाही.

चौथं पुस्तक एका वैद्याच्या घराचं होतं. घरातलं एक माणूस औषध पिऊन दगावतं आणि आळ येतो धाकट्या सुनेवर. खटला चालतो. साडेतीनशे पानं. दुसऱ्या वेळी मी त्या घरातल्या स्वयंपाकिणीच्या मागे गेले. तिला नाव नाही. पण काढा रोज तीच उकळते. कोणी काय मिसळलं ते तिने बघितलेलं असणार. अकराव्या प्रकरणात ती पाणी भरून परसात जाते आणि त्यानंतर पुस्तकात येतच नाही. मी पानं मागेपुढे केली. नाही. खटल्यात कोणी तिला बोलावत नाही. लेखकाला तिची आठवणही राहिली नाही.

बाराव्या मजल्यावर पोळ्या लाटताना हे मी तिला सांगितलं. ती मोबाईल खाली ठेवून म्हणाली, "अगं, हे भारीच आहे."

त्या रविवारी कट्ट्यावर वडे-चटणी द्यायला मीच होते. ती उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्या लक्षात आलंय का, अकराव्या प्रकरणानंतर ती स्वयंपाकीण गायबच होते?" मग टाळ्या. एक म्हाताऱ्या निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांना सगळे बाई म्हणतात. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं शिकवलं हे पुस्तक. माझ्या डोक्यात नाही आलं."

खरं सांगते, त्या दिवशी मला राग आला नाही. मी वड्यांचा ट्रे घेऊन दाराआड उभी राहिले आणि मनातल्या मनात फुगले. माझ्या गोष्टीला टाळ्या पडल्या, एवढंच मला कळलं. इतकी मी मूर्ख होते.

मग तो बुधवार आला, गेटवरचा.

घरमालकिणीला सांगितलं तर तिने विचारलं, "चोरी केलीस का? नाय ना? मंग मान खाली घालून कशाला आलीस?" रात्रभर तेच डोक्यात. बाराव्या मजल्यावरच्या तिला माझं वाचणं हवं होतं. वाचणारी मी नको होते. 'मी दिलं' म्हणाली असती तर त्या चौघींनी विचारलं असतं, कशाला दिलं?

दुसऱ्या दिवशी ती कणकेच्या डब्याशी घुटमळत म्हणाली, "कालचं मनावर नको घेऊस गं. सगळ्या बसल्या होत्या ना. आणि ते शेवटचं प्रकरण राहिलंय सांगायचं. रविवारी मलाच बोलायचंय."

माझं लाटणं थांबलं.

"सांगते की ताई," मी म्हणाले. आणि सांगितलं. सगळं खरं, एक गोष्ट सोडून. म्हणाले, आधी माझ्या नजरेतून सुटलं होतं, पण शेवटच्या पानावर ती स्वयंपाकीण परत येते. भर कोर्टात उभी राहते आणि काढ्यात कोणी काय घातलं ते सगळं सांगते.

"अरे वा," ती म्हणाली. "म्हणजे माझा मुद्दा शेवटी लेखकानेही सोडवला."

माझा मुद्दा, म्हणाली.

पुस्तक गेटवरून तिच्याकडे परत आलं होतं. तीन दिवस टीव्हीखाली पडून होतं. मी रोज त्यावरची धूळ पुसली आणि तिथेच ठेवलं. शेवटचं पान उघडून बघायला तिला दोन मिनिटं लागली असती आणि माझं खोटं पकडलं गेलं असतं. तेवढी संधी मी तिला दिली होती. तिने घेतली नाही.

रविवारी तिने हात हलवत तो शेवट सांगितला. रंगवून. स्वयंपाकिणीचा आवाजसुद्धा काढला. बाईंनी चष्मा लावला.

"कुठल्या पानावर?"

ती पानं चाळायला लागली. शेवटचं, त्याच्या आधीचं, पुन्हा शेवटचं. कान लाल झाले. मग तिने मान वळवली आणि दाराकडे बघितलं. माझ्याकडे. सगळ्यांनी बघितलं.

मी चहाचा ट्रे खुर्चीवर ठेवला.

"ती परत येत नाही," मी म्हणाले. "मी दोनदा वाचलंय. शेवट मी ह्यांना मुद्दाम खोटा सांगितला. आणि ती गायब होते हे पण मीच सांगितलं होतं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात त्याला. पुस्तक ह्यांनीच मला दिलं होतं आणि बुधवारी गेटवर मला चोर केलं."

"हिचं काय ऐकता," ती म्हणाली. पण आवाज मऊ नव्हता.

बाईंनी मला विचारलं, "वाचून झाल्यावर तुला काय वाटलं?"

"मला राग आला," मी म्हणाले. "तिला कोणी विचारलं नाही म्हणून." मग तिच्याकडे वळले. "खाली चला. रजिस्टरात लिहा, मी दिलं होतं."

ती आली नाही. संध्याकाळी फोनवरच्या सोसायटीच्या ॲपमधून माझं नाव काढलं, म्हणजे तिच्याकडचं काम संपलं. तिच्या ओळखीचं आणखी एक घर सुटलं. चौथ्या मजल्यावरचं राहिलं, कारण तिथल्या आजोबांना माझ्याच भाकऱ्या चालतात.

एका गोष्टीची बोच आहे. मी पुस्तकाच्या नावावर खोटं बोलले. त्या लेखकाची माफी मी मनात मागितली. तिची मागणार नाही. तिचे कान लाल झाले ते आठवलं की मला अजून बरं वाटतं, आणि त्याची मला लाज नाही.

ते पुस्तक मी विकत घेतलं. पहिल्या पानावर माझं नाव घातलं, त्याच अक्षरात. येता-जाता ते हातात असतं, पिशवीत नाही. नवा वॉचमन आता चिठ्ठी मागत नाही. मी मात्र रोज रजिस्टर मागते. ते पान उघडते. माझ्या सहीखाली अजून कोणी काही लिहिलेलं नाही.

सकाळी साडेनऊला तिची गाडी बाहेर पडते. गेटवरचा बूम, तो आडवा दांडा, वर जाईपर्यंत तिला थांबावंच लागतं. तेवढा वेळ मी ते पान तिच्या काचेसमोर धरते. आज तिने काच खाली केली नाही. उद्या साडेनऊला मी तिथेच उभी असेन.