परबकाकांच्या डेलियाची काळी पानं

मंडळी, आज कुणाला तोंड दाखवावंसं वाटत नाहीये, म्हणून इथेच सांगून टाकते.

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमधले परबकाका दहा दिवस गावी गेले होते. ग्रिलमधल्या कुंड्यांना पाणी घालायला चावी माझ्याकडे. "फक्त पाणी घाल गं," एवढंच म्हणाले होते.

त्यांच्या डेलियाची पानं काळीकुट्ट. म्हटलं, वाट लागली, बुरशी! सगळी पानं कापली, वर कडुनिंबाचं तेल फवारलं. खरं तर पानांवर एकही डाग नव्हता, हाताला चांगली ताठ लागत होती. तेव्हा तरी थांबायचं ना! चार दिवसांनी नवी पानं फुटली, तीही काळी. मी तीही कापली.

आज सकाळी काका आले, माझ्यासाठी कुळथाचं पीठ घेऊन. मी ऐटीत म्हटलं, "काका, तुमचं झाड वाचवलं!"

ते बोडक्या काड्यांपाशी वाकले. मग हळूच म्हणाले, "अगो, तेची पानां काळीच असतत. कंद मुद्दाम मागवलेलो." माझा चेहरा बघून पुढे म्हणाले, "असांदे. पाणी तरी वेळेवर घातलंस."

ओरडले असते तर बरं झालं असतं. पिठाची पुडी ओट्यावर तशीच आहे, उघडायची हिंमत होत नाही.

आणि या ग्रुपवर 'काळं पान दिसलं की कापा' असं छातीठोकपणे सांगणारी मीच. माझं ऐकून तुमच्यापैकी किती जणांनी चांगली झाडं बोडकी केलीत? खरं सांगा.