खंडेनवमीचा चिमटा

माझे सासरे रोज अंघोळ झाली की देवाच्या आधी पेटी उघडत. वीतभर लांब, सागवानी. आत लवंगेएवढी हातोडी, चिंचोक्याएवढी ऐरण, नखावर मावेल अशी करवत. आणि त्यांच्या आज्यापासून आलेला बारीक चिमटा, ज्यानं केसही धरता यावा. एकेकाला बोट लावून ते त्याचं नाव घेत. आम्ही धर्मापुरीचे सोनार. घरात मी, माझा नवरा आणि हे मामा. माझं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. हातोडीला मात्र ते "ये गं बाय" म्हणत.

हावरट माणूस, पण फक्त हत्यारांचा. कुठं सोनार मेल्याचं कळलं की दहाव्याला हे हजर. दिंद्रुडला एक तरणी बाई नवऱ्याची बोटभर कातर उराशी धरून रडत होती. मामांनी ती अलगद तिच्या मुठीतून सोडवली. "तिकडं रड बाई," म्हणाले, "लोखंडाला पाणी चालत न्हाई." घरी येऊन हे त्यांनीच सांगितलं आणि कातरीला मखमलीची पिशवी शिवली. तेव्हा मीही मेली फिदीफिदी हसले होते.

ताठाही तसाच. एकदा तालुकदारसाहेब दौऱ्यावर आले आणि पेटी बघायला आणून दे म्हणून चपराशी धाडला. मामा म्हणाले, "साहेबाला सांग बे, बघायचं तर इथं या. हात पाठीमागं बांधून." सगळी आळी घाबरली. साहेब आले, आणि खरोखरच हात मागं बांधून वाकून बघून गेले. त्या दिवशी मलाही सासऱ्यांचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

मग ती खंडेनवमी आली. सकाळी मामांनी पेटी आणि दुकानातली झाडून सगळी हत्यारं पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं. मांडलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं वाटेपर्यंत उचलायचं नाही, ही आमची रीत. दुपारी मी डोक्यावरून गवताचा भारा उतरवत होते, तेवढ्यात एक कुसळ उजव्या डोळ्यात घुसलं.

शेजारचे हकीमसाहेब धावत आले. पापणी उलटून बघितली आणि ओरडले, "सोनार के घर में चिमटा नहीं क्या? लाव जल्दी! आत्ता निघतंय. उद्यापर्यंत डोळा जाईल."

मामा पाटापुढं बसले होते. "आज न्हाई. मांडलेला हाय."

"मामा, पाया पडते. लई आग होतीय."

"आज देवाचा हाय तो. उद्या बघू."

माझा नवरा उंबऱ्यात बसून स्वतःची नखं बघत होता. बापापुढं त्याचं तोंड कधी उघडलंच नाही. हकीमसाहेबांनी कापडाच्या टोकानं खटपट केली, तर कुसळ आणखीच आत गेलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपट्याची पानं वाटून झाल्यावर मामांनी स्वतः चिमटा उचलला. एका झटक्यात कुसळ बाहेर! हात जरासुद्धा हलला नाही. ते उजेडात धरून म्हणाले, "बघ, कसं धरलं! आज्याचं हत्यार हाय." मला रडू फुटलं. एक थेंब चिमट्यावर पडला असावा. "तिकडं रड," म्हणाले आणि धोतराच्या सोग्यानं चिमटा पुसत बसले. डोळ्यात पू झाला होता. महिन्याभरात बुबुळ पांढरं पडलं.

पुढं मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मग पायही गेले. खाटेवर पडल्यापडल्या ते म्हणाले, "सूनबाई, पेटी दे गं. हात तरी लावतो."

पेटी माझ्या हाताशीच होती. मी म्हणाले, "आज खंडेनवमी हाय, मामा. मांडलीय."

पुढं आलेला त्यांचा हात मागं गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मग रोज. बाहेर उन्हाळा तापला होता, परसात आंबे उतरवणं चाललं होतं, घरभर कैऱ्यांचा वास होता. मामांना कळत नव्हतं, की कळूनही नवमी मोडवत नव्हती, हे मला आजही सांगता येत नाही. शेजारणी म्हणत, सून किती करते हो सासऱ्याचं! करतच होते. वेळेवर जेवण, अंथरूण, पाणी, सगळं.

शेवटच्या सकाळी त्यांचा आवाज अगदी खोल गेला होता. "सूनबाई, दसरा उजाडला का गं?"

मी चांगल्या डोळ्यानं त्यांच्याकडं नीट बघितलं.

"न्हाई मामा. अजून नवमीच हाय."

त्यांनी पेटीच्या दिशेनं हात जोडले.