गालाच्या चर्चमधला शेवटचा मराठी शुक्रवार

मस्कतला जायचं ठरलं ते मामांच्या एका फोनवर. "खलास! अर्बाबने तिकीट काढून दिलं, कायमचा नगरला येतोय. पण शेवटच्या शुक्रवारी तू इथे पाहिजेस." अर्बाब म्हणजे मालक. मामांनी उभी हयात मस्कतच्या गाला भागातल्या गॅरेजांमध्ये काढली, आणि कुणाला 'पाहिजेस' म्हणायची त्यांची रीत नाही. माझंही चौथीपर्यंतचं लहानपण तिथलंच. लगेच बॅग भरली.

जाणाऱ्यांसाठी सांगते: मुंबईहून विमान तीन तासांच्या आत पोचतं. डिसेंबर-जानेवारीत जा, मे महिन्यात गेलात तर मला शिव्या घालू नका. टॅक्सी ॲपवरूनच बोलवा, रस्त्यावर हात दाखवलात की घासाघीस आलीच. आणि रियालचे रुपये करत बसू नका, साधा करक चहासुद्धा घशाखाली उतरणार नाही.

गुरुवारी आम्ही अल मवालेहला भाजी घ्यायला गेलो. मेथीच्या जुड्या उलटसुलट करत मामांनी चर्चचा सगळा इतिहास ऐकवला. ही लुथरन पंथाची मंडळी मुळात काही जर्मन इंजिनिअरांची. मामा नगरचे, मिशनच्या चर्चमध्ये वाढलेले, लुथरन वगैरे ते इथे येऊन झाले. परक्या गावात जे दार उघडं ते आपलं. जर्मन एकेक करून मायदेशी गेले आणि त्यांची शुक्रवार सकाळची, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवसाची, वेळ मराठी माणसांना मिळाली. माझ्या आठवणीतलं सभागृह तर खच्चून भरलेलं. उशीर झाला की आईच्या मांडीवर बसायचं. मग आमचीही माणसं पांगली, कुणी कॅनडाला, कुणी पुण्याला. आता मामा निघाले की मराठी घरं उरणार दोन. वेळ तमिळ मंडळीला द्यायचं ठरलं होतं.

"मग देवाला काय तमिळ येत नाही?" मी चिडवलं.

मामा हसले नाहीत. "देवाला सगळं येतं गं. पण पुढच्या शुक्रवारपासून त्या खोलीत मराठीचा एक शब्द उमटणार नाही. आपण तिथे होतो, हे कुणाच्या गावीही नसेल."

मी मेथी पिशवीत भरली.

शुक्रवारी सकाळी दुकानं बंद, रस्ते मोकळे. मामांच्या बौशरच्या घरून गालाला गाडी भुर्रकन पोचली. चर्चच्या आवाराचं फाटक एकच, पण दारोदारी भाषा वेगळी. इकडे मल्याळम प्रार्थना, तिकडे फिलिपिनो पोरींची गाण्याची तालीम. मागचा नळ अजून तिथेच आहे! त्याच्याखाली भिजल्याबद्दल मी आईचे धपाटे खाल्लेत. उगाचच हात धुतले आणि रडूच आलं.

उपासनेला आम्ही जेमतेम दोन रांगा. मामांनी पेटी वाजवली. मागे राहणाऱ्या दोन घरांपैकी एकातली वैशाली शेजारी होती. तिची मुलगी रिया मराठी गाणं मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत वाचत होती. "बोलते हो, पण लाजते," वैशाली कुजबुजली. शेवटच्या कडव्याला मामा नुसती पेटीच वाजवत राहिले, ते आम्हीच कसंबसं पुरं केलं.

दाराशी तमिळ मंडळीचे सेल्वम अण्णा उभे होते. मामांनी त्यांच्याकडे न बघताच सभागृहाची किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि वळले. अण्णांनी मनगट धरलं.

"साळवे भाई, रुको ना. मैं नया आया था, तब इधर तमिल प्रार्थना थी क्या? आपके पीछे बैठता था. कुछ समझता नहीं था."

"हां, सो जाता था तू," मामा म्हणाले.

"एक दिन आप बोला, सेल्वम, प्रभु की प्रार्थना तू तमिल में बोल. सब मराठी में, मैं अकेला तमिल में. भूल गया?"

मामा खरंच विसरले होते. मग हळूच म्हणाले, "अरे, वो तो जर्मन आजी के लिए शुरू किया था." सगळे जर्मन गेल्यावर मागे राहिलेली ती एकटी म्हातारी मराठी उपासनेला येऊन बसायची, तिला निदान एक प्रार्थना तरी स्वतःच्या भाषेत म्हणता यावी, म्हणून.

"तो अभी आपका दो घर हमारे साथ बैठेगा. वो प्रार्थना मराठी में बोलेगा. इन्शाल्ला, हर शुक्रवार. यल्ला, चाय पियो."

मामांनी भर दारात रुमाल काढला. गॅरेजमध्ये बोट चेचलं तरी न रडणारा हा माणूस!

परत येऊन आठवडा होत आला. आणलेले खजूर शेजारपाजारी वाटून संपलेत, उन्हाने रापलेलं नाक सोलून झालंय. मला मात्र अजून तो नळ आणि त्या दोन रांगा आठवतात. आज शुक्रवार. मी मामांच्या नगरच्या घरी चहाला बसले होते, तेवढ्यात वैशालीने रेकॉर्डिंग पाठवलं. आधी नुसता तमिळ कल्लोळ. मग त्याच्या तळाशी एक बारीक आवाज, मराठी, एकेक शब्द चाचपत जाणारा. रिया! प्रभूच्या प्रार्थनेतल्या रोजच्या भाकरीच्या ओळीवर ती अडखळली आणि थांबली.

मामांनी कप खाली ठेवला, फोनवर वाकले, आणि ती तिथे बसून ऐकत असल्यासारखं पुढची ओळ तिला मोठ्याने सांगितली.